ड्रॉप ए मधली गिटार रेकॉर्ड करायला माइक कोणता घ्यावा?

सहा_तारा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचा चौघांचा मेटल बँड आहे. भोसरीत ड्रमरच्या काकांचा गाळा आहे, त्याच्या मागच्या खोलीत दर रविवारी सराव चालतो. शेजारी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ते रविवारी बंद असतं, म्हणून आम्ही चालू असतो. पाच गाणी तयार झालीत, ती आता स्वतःच रेकॉर्ड करायची आहेत.

गिटार २७ इंच स्केलची बॅरिटोन, तारा १४ ते ६८ (इंचाच्या हजाराव्या भागात), ट्यूनिंग ड्रॉप ए. म्हणजे जाड तारेपासून ए-ई-ए-डी-एफ शार्प-बी. अँपचं हेड ६५०५, कॅब (स्पीकरचं खोकं) मागून बंद, त्यात बारा इंची दोन व्हिंटेज ३० स्पीकर. माइक एकच, एसएम ५७. इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा) दोन चॅनलचा.

अडचण अशी, की खोलीत उभं राहून ऐकलं तर भिंत अंगावर येते. रेकॉर्ड केलं की वर डब्यात कोंडलेल्या माश्या आणि खाली चिखल. पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवणं) केल्यावर 'धग्' यायला हवं तिथे 'फस्' येतं. माइक मी जाळीच्या कापडाला चिकटवून, बरोबर मधोमध ठेवतो.

बजेट ३५ हजारांच्या आसपास. मनात असलेले पर्याय: सेनहायझर एमडी ४२१ (बजेटच्या काठावर), ई९०६, अजून एक ५७, किंवा रिबन (धातूच्या पातळ पट्टीचा माइक). रिबनमधला रॉयर आर-१२१ माझ्या स्वप्नात येतो पण किंमत बघून जाग येते. आमचा बासिस्ट म्हणतो, गिटार आता एवढी खाली गेलीय की सरळ बेस ड्रमचा माइक घे.

जाणकारांनी मार्ग दाखवावा.

नुसता_वाचक

शीर्षक वाचून वाटलं कोणाच्या हातून गिटार पडली.

कॅबवाला

माइक नंतर बघू. आधी तो मधोमधचा माइक हलव.

मोबाईलचा टॉर्च लावून कापडातून आत बघ. कोनच्या मध्यावर गोल टोपी दिसेल, ती डस्ट कॅप. तिच्या मध्यावर माइक रोखलास की सगळ्यात टोकदार आवाज मिळतो. ५७ ला स्वतःचाच ५-६ किलोहर्ट्झच्या आसपास उठाव आहे, व्हिंटेज ३० वरच्या मध्य पट्टीत बोलका. दोन्ही एकाच ठिकाणी बोंबलतात, त्याच तुझ्या माश्या. टोपी जिथे संपते आणि कोन सुरू होतो त्या कडेवर माइक आण. तिथून अर्धा-अर्धा सेंटीमीटर बाहेर सरकव.

ऐकायची युक्ती: अँपचा गेन वाढव, गिटारचा आवाज शून्य कर, म्हणजे नुसता 'श्श्श' येईल. कान झाकणारे हेडफोन लाव आणि माइक हळूहळू सरकव. प्रत्येक सेंटीमीटरला 'श्श्श'चा रंग बदलतो. जिथे तो किरकिरा नाही आणि घोंगडीखालचाही नाही, तिथे थांब. कापडावर मास्किंग टेपने खूण कर. पुढच्या रविवारी 'कुठे होता रे?' करत बसायला नको.

आणि टॉर्च लावलाच आहेस तर दोन्ही स्पीकर ऐकून बघ. एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले दोन स्पीकर सारखे वाजत नाहीत.

इम्पल्सराव

२०२० नंतर कॅबला माइक लावणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, जसा पाट्यावर चटणी वाटणाऱ्यांबद्दल आहे.

लोड बॉक्स (स्पीकरऐवजी अँपला जोडायचा डबा) घे, इम्पल्स रिस्पॉन्स (कॅब आणि माइकचा आवाज साठवलेली फाइल) लाव, रात्री दोन वाजता घरी बसून रेकॉर्ड कर. माइक, कॅब, खोली, शेजारी, सगळे प्रश्न मिटले. त्याच ३५ हजारांत काम होतं.

कॅबवाला

इम्पल्सराव, पाट्यावरची चटणी खाल्ली आहे का कधी?

डग्गा

मी मिरजेचा. गिटारमधलं फार कळत नाही, पण तीस वर्षं तबला-पखवाज आणि भजनं रेकॉर्ड करतोय. कॅबवाल्यांनी टोपी-कोन सांगितलं ते वाचून गंमत वाटली. आमच्याकडे उलटं असतं. तबल्याची चाट कडेला, तिथे टणक आवाज. मध्ये शाई, तिथे भारदस्त. तुमच्या स्पीकरात मध्यावर चाट आणि कडेला शाई असं दिसतंय. एवढं लक्षात ठेवलं तरी माइक कुठे सरकवायचा ते चुकणार नाही.

दुसरं, खर्जाबद्दल. ए म्हणजे किती कंपनं, कुणी सांगेल का? त्यावर मला काही बोलायचं आहे.

पाम_म्यूट

डग्गाकाका, ड्रॉप ए ची जाड तार ५५ हर्ट्झ. साध्या ट्यूनिंगची ई ८२.४, डी ७३.४, सी ६५.४, बी ६१.७, मग ए ५५. आठ तारांची गिटारवाले एफ शार्पला जातात, ४६.२. बेस गिटारची नेहमीची ई ४१.२.

डग्गा

आभारी आहे. मग आता ऐका.

पूर्वी घरोघरी छोटा ट्रान्झिस्टर असायचा. त्याचा स्पीकर तळहाताएवढा, दीडशे-दोनशे कंपनांच्या खाली त्याला काही वाजवता येत नसे. तरी डग्ग्याची घुमक ऐकू यायची ना? कारण मूळ स्वर नसला तरी त्याचे वरचे उपस्वर येतात आणि मूळ स्वर आपला मेंदू भरून काढतो. तंबोऱ्याच्या खर्जाचंही तेच. खर्जाची तार छेडा आणि कान देऊन ऐका, नाद भरतो तो वरच्या उपस्वरांनी. जवारी लावणारा कारागीर दोरा सरकवतो तो त्यांच्यासाठी.

म्हणून ५५ कंपनं 'पकडणारा' माइक शोधण्याआधी हे विचारा, की तुमच्या त्या खोक्यातून ५५ बाहेर तरी पडतंय का?

कॅबवाला

काका, नेमक्या जागी बोट ठेवलंत. दंडवत.

व्हिंटेज ३० चा अनुनाद ७५ हर्ट्झला आहे. त्याखाली तो झपाट्याने हात टेकतो. वर ५ किलोहर्ट्झनंतरही विशेष काही नाही. म्हणजे ड्रॉप ए चा मूळ स्वर कॅबमधून येतो तो नावापुरता. येतं ते ११०, १६५, २२० आणि त्यावरचं. बेस ड्रमचा माइक ५०-६० च्या आसपास कितीही दिलदार असला तरी ताटात नाही ते वाढणार कुठून? उलट त्या माइकांचा मध्य मुद्दाम खोलगट केलेला असतो, आणि गिटार राहते मध्यात.

तुमच्या बासिस्टला सांग, ५५ हर्ट्झ ही त्याची जबाबदारी आहे. तो एक सप्तक खाली ए ला असेल तर त्याची तार २७.५, तिचा दुसरा उपस्वर बरोबर ५५. तुझ्या गिटारचा पाया तो घालतो.

पाम_म्यूट

इथे थोडा मतभेद. 'तळ बेसवर सोडा' हे वाक्य दर धाग्यावर येतं आणि लोक गिटारचा खालचा सगळा भाग कापून मोकळे होतात. मग गिटार वाळूच्या कागदासारखी.

पाम म्यूटचा 'धग्' ५५ ला नसतो हे मान्य. तो १०० ते १५० मध्ये असतो, बंद कॅबच्या पोटातून येतो, आणि तो माइकवर अवलंबून आहे. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक जितका जवळ तितका खालचा आवाज फुगतो. कापडापासून दोन बोटं मागे घेतला की फुगवटा उतरतो, चार बोटांवर अजून. धागाकर्त्याचा 'चिखल' बहुधा हाच आहे. माइक कापडाला चिकटवून ठेवतो आणि मग ईक्यूवर (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) २०० हर्ट्झ कापत बसतो.

मी ड्रॉप ए लाही ७० च्या आसपास हाय पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावतो. पण १२० ला हात लावणाऱ्याशी माझं भांडण आहे.

पेठेतली

ही गिटार आहे की जेसीबी? आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगा असंच काहीतरी वाजवतो. काचेच्या कपाटातल्या बरण्या वाजतात. लोणच्याच्या वेगळ्या, साखरेच्या वेगळ्या.

पाम_म्यूट

काकू, कुठली बरणी कुठल्या स्वराला वाजते ते नोंदवून ठेवा. खोलीचा अनुनाद मोजायला लोक पैसे मोजतात.

गोथेनबर्गवाली

धागा बघून राहवलं नाही. मूळची साताऱ्याची, अकरा वर्षं स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये. नोकरी वेगळीच, पण या गावात राहून गिटारला माइक कसा लावतात हे कानावर न पडणं अवघड.

इथला स्टुडिओ फ्रेडमन. फ्रेडरिक नॉर्डस्ट्रॉम यांचा. इन फ्लेम्स, अ‍ॅट द गेट्स अशा बँडांचा आवाज तिथे घडला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत म्हणजे दोन एसएम ५७. एक सरळ, डस्ट कॅपच्या कडेच्या आसपास रोखलेला. दुसरा त्याला खेटून, साधारण ४५ अंशांत तिरका. दोघांची तोंडं अगदी जवळजवळ. सरळ माइक धार देतो, तिरका अंग देतो. दोघांचं प्रमाण बदललं की ईक्यूला हात न लावता स्वर बदलतो.

पण दोन माइक म्हणजे फेजचा प्रश्न. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. दोन माइकांच्या अंतरात ५ सेंटीमीटरचा फरक पडला तर साधारण ०.१५ मिलिसेकंदाचा उशीर, आणि ३.४ किलोहर्ट्झच्या आसपास दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे गिटारचा चावा असतो नेमका तिथे. खालचा आवाज यात फारसा बिघडत नाही, त्यामुळे चूक चटकन कळत नाही, फक्त 'काहीतरी गायब आहे' असं वाटत राहतं. तपासायची सोपी रीत: एका माइकची पोलॅरिटी उलटी कर आणि माइक अशा जागी सरकव, की दोघांची बेरीज सगळ्यात किडकी ऐकू येईल. मग पोलॅरिटी सरळ कर. सगळ्यात भरीव आवाज तिथेच मिळेल.

म्हणून तुझ्या पर्यायांत 'अजून एक ५७' हा गरिबाघरचा वाटला तरी वाईट नाही.

आठ_तारा

आम्ही एफ शार्पवाले. आमच्या समस्येला कोणी विचारत नाही. गिटारला बेस म्हणतात, बेसला भूकंप.

खरी समस्या सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ. जी म्हणजे ४९, जी शार्प ५१.९. मध्ये बरोबर आपल्या भिंतीतली वायर. अर्थिंग नीट नसलं की हम येतो ५० आणि १०० ला, आणि मी जी वर लांब नोट धरली की वीज माझ्यासोबत बेसूर गाते. व्वँव-व्वँव-व्वँव. मी महिनाभर गिटारचं इंटोनेशन तपासत होतो.

ड्रॉप ए ला त्रास कमी, पण सहा_तारा, गाळा आहे म्हणतोस, शेजारी वेल्डिंग. आधी अर्थिंग तपासून घे.

इम्पल्सराव

घरी लोड बॉक्स लावून वाजवलं असतं तर...

आठ_तारा

घरी पण तीच वीज येते हो.

वास्कोकर

रिबनबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. माझ्याकडे एक आहे, स्वस्तातला. आवाज मला फार आवडतो. वरची किरकिर आपोआप मऊ होते, ईक्यू ओढला तरी आवाज फाटत नाही. ५७ च्या शेजारी लावला तर दोघांचं छान जमतं. पण काही गोष्टी माहीत असू द्या.

आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते. आर-१२१ मध्ये तिची जाडी २.५ मायक्रॉन. फुंकर मारून 'हॅलो हॅलो' करणाऱ्या मित्राला आधी खोलीबाहेर काढायचं. जुन्या किंवा खराब केबलवर फँटम (इंटरफेसमधून माइकला जाणारी वीज) चालू राहिलं तर पट्टी जाऊ शकते. रिबन मागूनही तेवढंच ऐकतो, त्यामुळे मागे उघडी भिंत असेल तर तीही रेकॉर्ड होते. मी मागे जाड गोधडी टांगतो. पावसाळ्यात माझा माइक सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात असतो, कॅमेऱ्याच्या लेन्स शेजारी. बायको म्हणते, पापडांनाही एवढी काळजी मिळत नाही.

आणि सहा_तारा, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. शेजारी फॅब्रिकेशन आहे म्हणालात. रिबनमध्ये जबरदस्त लोहचुंबक असतं. ग्राइंडरचा लोखंडी कीस हवेत असेल तर तो सरळ आत ओढला जातो आणि पट्टीला चिकटतो. तो काढायचा म्हणजे शस्त्रक्रिया. त्या गाळ्यात रिबन नको, हे माझं स्पष्ट मत.

सहा_तारा

बाप रे. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. आमच्या खोलीत खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तर काळी पूड लागते, ती आम्ही धूळ समजत होतो. आत्ता फ्रीजवरचं चुंबक घेऊन गेलो होतो. दाढी आली त्याला.

रिबन रद्द.

डग्गा

लोखंडाच्या पत्र्यावरून आठवलं. माझा भाचा तुमच्यातला, त्याने सांगितलेली गोष्ट. ब्लॅक सॅबथचे टोनी आयोमी बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात होते. सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. मग त्यांनी बोटांना टोप्या करून लावल्या, बारीक तारा घातल्या, आणि पुढे ताण कमी व्हावा म्हणून गिटार दीड स्वर खाली उतरवली. खरं का?

पाम_म्यूट

खरं आहे काका. सी शार्पला. म्हणजे धागाकर्त्याच्या गाळ्याशेजारी जे चाललंय, तिथूनच हा सगळा प्रकार सुरू झाला.

नुसता_वाचक

वर्तुळ पूर्ण. आता कोणीतरी बोटं सांभाळा.

अर्धी_किंमत

अवांतर, पण ५७ घेणाऱ्यांसाठी कळकळीची सूचना. मी एका ऑनलाइन दुकानातून ५७ घेतला, किंमत निम्मी. खोका खरा, पाऊच खरा, लोगो खरा. आवाज असा, की माणूस बादलीत तोंड घालून बोलतोय.

अस्सल ५७ चं वजन २८४ ग्रॅम. माझ्याकडे वजनकाटा नव्हता, आईचा भगर-साबुदाणा मोजायचा काटा घेतला. माझं रत्न दोनशेच्या आत-बाहेर घुटमळत होतं. मग उघडला. आत ट्रान्सफॉर्मर असायला हवा, त्या जागी हवा होती. दुकानदाराने परत घेतला नाही. आता तो माइक भाचीचा आहे, ती त्यावर बातम्या देते.

गोथेनबर्गवाली

हहपुवा. बातम्यांचा आवाज बरा येतो का?

अर्धी_किंमत

बादलीतून थेट प्रक्षेपण.

बुधवार_चौक

पासोड्या विठोबाजवळ आमच्या ओळखीतले एकजण माइक दुरुस्त करायचे. बनावट माइक ते हातात घेताच ओळखत. म्हणायचे, 'हा हलका आहे, आणि हलकी गोष्ट हलकीच बोलते.' अस्सल ५७ ची तक्रार घेऊन कोणी गेलं तर आधी केबल बदलून बघायचे. दहापैकी सात वेळा माइकचं काहीच बिघडलेलं नसायचं.

जाड_तार

सगळे माइकवर तुटून पडलेत. मी उलट्या टोकाने सुरू करतो.

ड्रॉप ए मध्ये तार जोरात हाणली की सुरुवातीला स्वर वर जातो आणि मग खाली बसतो. तीच 'फस्' वाटते. हात हलका कर, नाहीतर ६८ ची तार ७० कर. गेन तुला खोलीत हवा वाटतो त्याच्या दोन-तृतीयांश ठेव. डाव्या-उजव्या बाजूला तोच रिफ दोनदा वाजवणारच ना? दोन टेकची जाडी आपोआप येते. अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर पेडल, ड्राइव्ह शून्य, लेव्हल वर. तो डिस्टॉर्शनच्या आधीच खालचा भाग आवरतो, म्हणून चग (पाम म्यूटचा ठोका) घट्ट होतो. चिखल अँपमध्ये गेला की पुढे कुठलाच माइक तो धुऊन देत नाही.

यावर आठशे रुपयांच्या तारांनी जेवढा फरक पडतो तेवढा ३५ हजारांच्या माइकने पडला, तर माझं नाव बदला.

नुसता_वाचक

बारीक_तार ठेवू का?

इम्पल्सराव

माझा मुद्दा कोणी गांभीर्याने घेतला नाही, म्हणून परत. या धाग्यातले सगळे सल्ले, टोपीची कड, दोन माइक, फेज, गोधडी, हे कोणीतरी चांगल्या खोलीत, चांगल्या कानाने आधीच करून ठेवलंय आणि फाइल करून विकलंय. तेच घ्या ना.

गोथेनबर्गवाली

इम्पल्सराव, तुमचं चूक नाही. रात्री दोन वाजता मीही तेच वापरते. पण इम्पल्स म्हणजे दुसऱ्याने ठेवलेला माइक. तीनशे फाइलींतून एक निवडताना 'हा ५७ कडेचा की मधला' हे कळायला आयुष्यात एकदा तरी स्वतः माइक सरकवलेला बरा. नाहीतर माणूस फाइलीच चाळत बसतो, गाणं राहतं.

सहा_तारा, चाचणी करणार असशील तर एक कर. आधी गिटार थेट इंटरफेसमध्ये कोरडी रेकॉर्ड कर. मग तोच टेक रीअँप बॉक्समधून अँपला दे. प्रत्येक माइकला तेच वादन मिळेल. नाहीतर चौथ्या टेकला तुझा हात गरम झालेला असतो आणि श्रेय माइकला जातं. तुलना करताना सगळ्या टेकांचा आवाज एकसारखा करून घे. मोठा वाजणारा माइक नेहमीच चांगला वाटतो.

सहा_तारा

दोन रविवार गेले, आता हिशेब देतो.

ओळखीच्या एका साउंडवाल्याकडून एमडी ४२१ एका दिवसासाठी भाड्याने आणला. बासिस्टच्या समाधानासाठी बेस ड्रमचा माइकही मागून आणला. रीअँप बॉक्स दुसऱ्या बँडकडून. बारा सेकंदांचा एकच रिफ कोरडा रेकॉर्ड केला आणि दिवसभर तोच वाजवला. चहावाल्याचा पोरगा संध्याकाळी तो गुणगुणत होता.

आधी माझा जुना ५७, जुन्या जागी. माश्या. मग टॉर्च, टोपीची कड, 'श्श्श'. मध्यापासून साधारण चार सेंटीमीटर बाहेर आणि कापडापासून दोन बोटं मागे आल्यावर मी हेडफोन काढून परत लावले, कारण मला वाटलं कोणीतरी दुसराच माइक चालू केला. तोच माइक, तोच अँप. ड्रमर म्हणाला, मग आपण वर्षभर काय रेकॉर्ड करत होतो?

कॅब फरशीवर होती. ती दोन पाटांवर चढवली (पाट ड्रमरच्या घरचे, दिवाळीच्या आत परत द्यायचेत). १५० च्या खालची घरघर बरीच कमी झाली. हे कोणी सांगितलं नव्हतं, आम्हीच वैतागून केलं.

बेस ड्रमचा माइक: बासिस्टने ऐकला, दहा सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, 'शेजारच्या खोलीत वाजतंय.' विषय संपला.

४२१ खरंच चांगला आहे. त्याच्या मागच्या खटक्यावर एम आणि एस आहे, एम म्हणजे पूर्ण, एस कडे फिरवलं की खालचा आवाज कापतो. एम वर पाम म्यूटला जो ऐवज आहे तो ५७ ला नाही, हे पाम_म्यूटना मान्य. एकटी गिटार ऐकली तर तोच जिंकतो. पण मग बेस आणि ड्रम चालू केले, डोळे मिटले आणि ड्रमरला टेक उलटसुलट वाजवायला सांगितले. नऊपैकी चार वेळा मी ओळखू शकलो. बासिस्टने पाच. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

शेवटी त्या साउंडवाल्याकडचाच दुसरा ५७ तिरका लावून बघितला. गोथेनबर्गवाली, पोलॅरिटीची युक्ती पहिल्यांदा जमेना, मग कळलं की दुसऱ्याच ट्रॅकची उलटी करत होतो. जमल्यावर मात्र हवं होतं ते मिळालं. सरळ माइकचा आवाज थोडा वर, तिरक्याचा थोडा खाली.

तर दुसरा ५७ घेतला. दुकानात जाऊन, बिल घेऊन. उरलेल्या पैशांतला काही भाग इलेक्ट्रिशियनला गेला. आठ_तारा, तुम्ही म्हणालात तसं अर्थिंग होतं, पण फक्त भिंतीच्या अलीकडे, पलीकडे वायर कशालाच जोडलेली नव्हती. काही पैसे ७० च्या तारांना. जाड_तार, नाव बदलायची गरज नाही.

जाड_तार

नोंद घेण्यात यावी.

पाम_म्यूट

१२० ला हात लावला का? खरं सांग.

सहा_तारा

एक डेसिबल. माफी असावी.

पेठेतली

माझ्या बरण्यांची नोंद तयार आहे. साखर जी ला, लोणचं कुठल्याच स्वराला नाही, ते भरलेलं आहे म्हणून बहुतेक.

कॅबवाला

गाणी झाली की इथे टाका. आणि टेपची खूण ठेवली आहे ना कापडावर?

सहा_तारा

ठेवलीय. ड्रमरच्या काकांनी सोमवारी कचरा समजून अर्धी काढली, उरलेल्या अर्ध्यावरून जागा सापडली.

अर्धी_किंमत

नवा ५७ वजन करून घेतलास का?

सहा_तारा

घरी आल्या आल्या, आईच्या काट्यावर. २८४ भरला. आईने मागून डोकावून विचारलं, कितीला पडलं? मी आकडा सांगितला. ती म्हणाली, पावशेराला?